आल्यागेल्याला वाचता यावं म्हणून

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. दुपारची जेवणं आटोपून मी जरा पाठ टेकत होते, तेवढ्यात अकोल्याहून थोरल्या वन्संचा फोन आला. वय वर्षं बहात्तर, पण आवाज अजून खणखणीत. म्हणाल्या, "अगं, तू आईची वही वेबसाइटवर घातलीस म्हणे! धाकटीनं सांगितलं, पुण्याच्या काकूंनी सांगितलं. मीही उघडून बघितली हो."

"मग? कशी वाटली?" मी मोठ्या हौसेनं विचारलं.

"काय सांगू तुला? माझा फोन म्हणतो, चित्र. पुढं सरकवलं तर पुन्हा चित्र, आणि त्यामागं कसले तरी इंग्रजी आकडे. छत्तीस वेळा 'चित्र' ऐकलं आणि ठेवून दिला. आईचं काही कानावर पडलं नाही."

त्या रागावून बोलल्या असत्या तर परवडलं असतं. त्या हसत बोलल्या, त्यामुळे मला जास्त लागलं.

वन्संना काचबिंदू आहे. मोतीबिंदू परवडला, तो काढता येतो. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. आधी बाजूचं दिसेनासं होतं आणि माणसाच्या ते लवकर ध्यानातही येत नाही. वन्संना आता समोरचं, तेही नळीतून पाहावं तेवढंच दिसतं. पण बाई हार मानणारी नाही! नातीनं त्यांच्या फोनवरचं टॉकबॅक सुरू करून दिलं. हे म्हणजे फोनमधलाच एक वाचून दाखवणारा आवाज. पडद्यावर बोट फिरवावं, तिथं जे असेल ते तो बोलतो. सकाळचं वर्तमानपत्र त्या असंच 'वाचतात', लाइटबिलही असंच भरतात. फक्त माझी वेबसाइट तेवढी त्यांच्यापुढं मुकी झाली. आणि वही कुणाची? त्यांच्या सख्ख्या आईची!

हौसेला मोल नसतं

मैत्रिणींनो, थोडं मागचं सांगते. सासूबाई २०१९ साली गेल्या. त्यांच्या मागे राहिली एक जाड पुठ्ठ्याची वही. मेतकूट, सांडगी मिरची, कैरीचा तक्कू, गव्हाच्या चिकाची कुरडई, सगळं त्यांच्या हातचं. पानांवर तेलाचे डाग, हळदीचे ठसे, एका पानाला तर चक्क गुळाचा चिकटा. ही वही कुणाकडे राहावी यावरून घरात गोड कुरबुर झाली. शेवटी मीच तोडगा काढला की वही वेबसाइटवर घालू, म्हणजे ती सगळ्यांचीच होईल.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्यानं शनिवार-रविवारात वेबसाइट उभी केली. मी शेजारी बसून 'इथं हे कर, तिथं ते कर' म्हणत होते, म्हणजे दोष त्याच्या एकट्याचा नव्हे. फिकट गुलाबी पान, त्यावर पांढरी नाजूक अक्षरं. वर लुकलुकणाऱ्या दिव्यांचं तोरण. पान उघडताच सनई सुरू. आणि खाली वहीच्या पानांचे छत्तीस फोटो. मला तर लग्नाचा मांडव घातल्यासारखा आनंद झाला होता.

तुम्ही म्हणाल, आमची कुठली वेबसाइट? पण आता कितीतरी जणींची असते. कुणाची डब्यांच्या ऑर्डरींसाठी, कुणाची शिवणक्लासची, कुणी भजनी मंडळाची पदं जमवलेली असतात, कुणी माहेरच्या गावाचा इतिहास लिहिलेला असतो. तयार साचे फुकट मिळतात, मुलं मदत करतात. आपण दाराला तोरण लावतो, पण येणाऱ्याला उंबरठा ओलांडता येतो की नाही हे पाहायचं राहून जातं.

आणि हे काही फक्त दृष्टी गेलेल्यांसाठी नाही बरं का. चाळिशी आपल्यापैकी कुणाला चुकली आहे? भर उन्हात भाजीच्या पिशव्या सांभाळत फोनकडे पाहणारी बाई, मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबणीवर टाकलेले सासरे, हात थरथरणारी आजी, कानानं कमी ऐकणारी मावशी, सगळी आपल्याच घरातली माणसं. अशा सगळ्यांना वेबसाइट वाचता यावी म्हणून जगभर मान्य झालेले नियम आहेत. ज्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली, त्यांनीच १९९४ साली स्थापन केलेल्या संस्थेनं हे नियम १९९९ साली पहिल्यांदा काढले. त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. भाच्यानं मला ते उघडून दाखवले. वाचून डोकं गरगरलं, पण त्यातलं निम्मं स्वयंपाकघरातल्या शहाणपणासारखंच निघालं: डब्यावर नाव लिहावं, वाटेत पाट ठेवू नये, पाहुण्याला विचारल्याशिवाय रेडिओ लावू नये.

फोटोतली अक्षरं मुकी असतात

सगळ्यात मोठी चूक होती ती फोटोंची. फोटो काढला की आपल्याला त्यात अक्षरं दिसतात, यंत्राच्या लेखी तो नुसता ठिपक्यांचा पसारा असतो. तो मोठा करावा तर धूसर होतो, त्यात शोधावं तर शब्द सापडत नाहीत, आणि वाचणारा आवाज 'चित्र' म्हणून मोकळा होतो. फोटोला काही नाव दिलेलं नसलं तर पुष्कळदा फाइलचं नाव वाचतो. वन्संनी ऐकलेले इंग्रजी आकडे ते हेच.

तेव्हा एकच उपाय होता, सगळं टाइप करायचं. छत्तीस पानं! आमच्याकडे हे म्हणाले, "त्यापेक्षा तू अकोल्याला जाऊन वाचून दाखव, लवकर होईल." पण मी हट्टाला पेटले होते. रोज दुपारी एक पान. टायपिंगचा कंटाळा आला की फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून बोलत जायचे. मराठी बोललेलं बऱ्यापैकी उतरतं, 'मेतकूट'चे तेवढे दोन तुकडे व्हायचे. फोटो काढून टाकले नाहीत. सासूबाईंचं अक्षर बघायलाही लोक येतात. प्रत्येक फोटोच्या खाली त्याच पानाचा मजकूर घातला.

जे फोटो खरोखरच चित्रं होती, त्यांना शब्दांत वर्णन जोडलं. वेबसाइटवर फोटो चढवताना 'पर्यायी मजकूर' अशी एक चौकट येते, आपण ती रिकामी सोडून पुढे जातो. त्या चौकटीतलं वाक्य डोळसांना दिसत नाही, पण वन्संचा फोन तेच वाचतो. मी आधी उत्साहानं लिहिलं, 'चकलीचा सुंदर फोटो'. भाचा म्हणाला, "मावशी, ऐकणाऱ्याला यातून काय कळलं?" खरंच होतं. मग लिहिलं, 'सोऱ्यातून पाडलेली चकली, तीन वेढे, बाहेरचं टोक आत दाबलेलं.' आता ऐकणारीला चकली हाताशी आल्यासारखी वाटते. मात्र नुसत्या शोभेच्या वेलबुट्टीला असं वर्णन देऊ नये. ती चौकट मुद्दाम रिकामी ठेवली की वाचणारा आवाज वेलबुट्टी ओलांडून पुढे जातो. नाहीतर दर दोन ओळींनी 'फुलांची नक्षी, फुलांची नक्षी' ऐकून माणूस वैतागेल.

रेघांचा घोटाळा

टाइप करताना एक गंमत झाली, म्हणजे तेव्हा गंमत वाटली नाही. सासूबाई जुन्या पद्धतीनं मापं लिहीत. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. दीड वाटी लिहायची तर एकाच्या आकड्यापुढे दोन रेघा. मी जसंच्या तसं उतरवलं, वहीशी इमान राखायचं म्हणून. पण वन्संच्या फोननं वाचलं, 'एक वाटी'. रेघा त्यानं गिळून टाकल्या! दीड वाटीची एक वाटी झाली तर भाजणीचं काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. आणि वन्संचं सोडा, माझ्या सुनेलाही त्या रेघा कळल्या नव्हत्या. तिला वाटलं वाक्य संपलं.

मग सगळी मापं शब्दांत लिहिली: पाव चमचा, अर्धी वाटी, पाऊण वाटी, दीड वाटी. एकछेद दोन असा अपूर्णांकही टाळला, त्यावर फोनच्या मनात येईल तो अर्थ निघतो. 'चिपटं' आणि 'मापटं' यांचा प्रश्न आणखी वेगळा. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची पायली, हे आमच्या पिढीतल्याही किती जणींना येतं? मूळ शब्द ठेवला आणि पुढे आमच्या घरच्या मापट्यात किती वाट्या मावतात ते मोजून लिहिलं. अक्षर दिसलं, ऐकू आलं, पण समजलंच नाही, तर त्याला वाचणं कसं म्हणायचं?

एका बाबतीत मला आयतं मिळाल्यासारखं वाटलं होतं. आमच्या महिला मंडळानं बऱ्याच वर्षांपूर्वी पाककृतींची एक पुस्तिका छापली होती, त्यात सासूबाईंच्या आठ कृती होत्या. छापखान्यातली फाइल मिळाली. मी खुशीत ती उचलून वेबसाइटवर डकवली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हांची भेळ! भाच्यानं समजावलं, ते असं. पूर्वीच्या मराठी फॉन्टांत अक्षर आतून इंग्रजीच असायचं, वरून मराठीचा वेष चढवलेला. तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही, त्याच्यापुढे वेष गळून पडतो. वाचणाऱ्या आवाजाला तर वेष दिसतच नाही, तो आतलं इंग्रजी बडबडत सुटतो. आताच्या युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो. 'क' म्हणजे २३२५, मग तो अकोल्यात उघडा नाहीतर अमेरिकेत. जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं इंटरनेटवर मिळतात, पण नंतर प्रत्येक शब्द डोळ्यांखालून घालावा. पहिली वेलांटी आणि रफार हमखास घर बदलतात.

आणखी एक बारीकशी गोष्ट, पण फार महत्त्वाची. 'हे पान मराठीत आहे' असं वेबसाइटच्या सेटिंगमध्ये सांगावं लागतं. आमच्या साच्यात ते इंग्रजी होतं. काही फोन मग इंग्रजी धाटणीत वाचतात, काही हिंदीत. 'चमचा'मधला 'च' हिंदीसारखा ऐकून वन्संना हसू आवरेना. म्हणाल्या, "आईची कृती टीव्हीवरची निवेदिका सांगतेय असं वाटलं." सेटिंगमध्ये मराठी निवडलं आणि आवाज घरचा झाला.

गुलाबीवर पांढरं

आता रंगांकडे वळू. हे लिहिताना मला जरा वाईट वाटतंय, कारण तो गुलाबी रंग मी स्वतः निवडला होता.

अक्षराचा रंग आणि मागचा रंग यांत किती फरक आहे, हे मोजण्याचं माप आहे. पांढऱ्यावर काळं म्हणजे सगळ्यात जास्त, २१ ला १. साध्या मजकुराला निदान साडेचारला १ एवढं तरी हवं, मोठ्या ठळक अक्षरांना ३ ला १ चालतं. दोन रंग घातले की उत्तर देणारी साधनं इंटरनेटवर फुकट आहेत. आमच्या फिकट गुलाबीवरच्या पांढऱ्या अक्षरांचं उत्तर आलं, अवघं दीडला १! म्हणजे वन्संचं सोडाच, ज्या मैत्रिणींनी 'छान आहे हो वेबसाइट' म्हटलं, त्यांनीही बहुधा न वाचताच म्हटलं असणार. आता साईच्या रंगाचं पान आणि गडद डाळिंबी अक्षरं ठेवली आहेत, माप दहाच्या वर गेलंय. दिसायलाही इरकली लुगड्यासारखं भारदस्त दिसतं. तेव्हा 'वाचता येईल असं केलं की रूप जातं' यावर विश्वास ठेवू नका. मजकुराच्या मागे फोटो घालण्याची एक फॅशन आहे, ती मात्र सरसकट सोडून द्या. पैठणीच्या पदरावर पत्र लिहिल्यासारखं होतं ते.

रंगावरून खूण सांगणं हीसुद्धा चूकच. मी उपवासाच्या पदार्थांची नावं हिरव्या रंगात आणि तिखट पदार्थांची लाल रंगात दिली होती. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं असतात, पुरुषांत तर बायकांपेक्षा पुष्कळ जास्त. खाण्याच्या पाकिटावरची खूण आठवा. शाकाहारी आणि मांसाहारी दोन्हींना पूर्वी गोल ठिपकाच असायचा, फक्त रंग वेगळा. २०२० च्या नियमांत मांसाहारी पदार्थाला तपकिरी त्रिकोण आला. आता रंग कळला नाही तरी आकारावरून कळतं. आपण तर सरळ शब्द लिहावेत: 'उपवासाला चालतं', 'तिखट'.

लुकलुकणारं तोरण काढलं. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा चमकणाऱ्या गोष्टींनी काहींना फेफरं येऊ शकतं, हे मला माहीतच नव्हतं. सनईही गेली. वन्संच्या फोनचा आवाज तिच्याखाली बुडून जायचा, आणि ती बंद करायचं बटण शोधायचं तर तेही त्याच आवाजाच्या मदतीनं!

अक्षर कसं हवं?

भिंतीवरचं कालनिर्णय पाहा. १९७३ पासून ते घराघरात आहे. तारखेचा आकडा पलंगावरूनही वाचता येतो, आणि एकादशीची बारीक अक्षरं वाचायला मात्र उठून जवळ जावं लागतं. वेबसाइटवर असं उठून जवळ जाता येत नाही, म्हणून बोटांनी पान मोठं करता आलं पाहिजे. आमच्या साच्यात ती सोयच बंद करून टाकलेली होती, 'मांडणी बिघडू नये' म्हणून. बिघडू दे की! मजकूर दुप्पट मोठा केला तरी सगळं वाचता यावं, असा नियमच आहे. आणि मोठा केल्यावर ओळ पडद्याबाहेर पळू नये, खाली खाली उतरत जावी.

आपल्या लिपीचं एक वेगळंच आहे. इंग्रजीच्याच मापात घातलं तर मराठी अक्षर लहान दिसतं, कारण वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार यांनाही त्यातच जागा द्यायची असते. म्हणून मापात थोडी वाढ करावी आणि दोन ओळींत मोकळी जागा सोडावी, अक्षराच्या उंचीच्या दीडपट किंवा थोडी जास्तच. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो आणि 'कुरडई'चं काय होईल सांगता येत नाही. नक्षीदार फॉन्ट मथळ्यापुरता ठेवावा. मजकुराला 'मुक्त' किंवा 'नोटो' यांसारखा साधा, स्वच्छ फॉन्ट बरा, दोन्ही फुकट मिळतात. दोन्ही कडा सरळ दिसाव्यात म्हणून ओळी ताणून बसवण्याचा मोह होतो. आपले शब्द लांब असतात, मग मध्येच भगदाडं पडतात. डावी कड सरळ ठेवावी, उजवी जाईल तशी जाऊ द्यावी.

फोटोंचं वजनही पाहा. फोनमधला एकेक फोटो चार-पाच एमबीचा असतो. गावाकडे रेंज येते-जाते, तिथं तो उघडेपर्यंत आमटी करपेल. चढवण्याआधी लहान करून घ्यावा.

वाट सापडली पाहिजे

वन्सं पान कसं वाचतात ते मी दिवाळीला त्या आल्या तेव्हा शेजारी बसून पाहिलं. त्या पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ऐकत नाहीत. बोटाच्या एका झटक्यासरशी मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारतात, पाहिजे तिथं थांबतात. आपण मसाल्याच्या डब्यांच्या फळीवरून नजर फिरवतो ना, तसंच. पण त्यासाठी मथळा हा खरोखर 'मथळा' म्हणून नोंदवलेला हवा. मी नुसतीच अक्षरं मोठी आणि ठळक केली होती. डोळ्यांना तो मथळा, फोनला मात्र साधी ओळ. लिहिण्याच्या खिडकीत 'शीर्षक १', 'शीर्षक २' असे पर्याय असतात. पानाच्या नावाला शीर्षक १, पदार्थाच्या नावाला २, 'साहित्य' आणि 'कृती' यांना ३, असं लावून टाकलं. साहित्याच्या याद्या खऱ्या यादीच्या बटणानं केल्या, म्हणजे फोन आधीच सांगतो, 'यादी, नऊ गोष्टी'.

लिंकचंही तसंच. आमच्या पानावर बारा ठिकाणी 'येथे क्लिक करा' होतं. सगळ्या लिंका एकापाठोपाठ ऐकल्या तर बारा वेळा 'येथे क्लिक करा'. अहो, पण कशासाठी? आता 'कुरडईची कृती' असंच लिंकेचं नाव आहे. ऑर्डरीच्या अर्जात 'नाव', 'फोन' हे शब्द चौकटीच्या आत फिकट अक्षरांत होते आणि लिहायला लागलं की गुडुप होत. ते बाहेर, चौकटीच्या वर आणले. अनारशांच्या व्हिडिओत मी 'असं थापायचं, मग असं ठेवायचं' म्हणत होते. तो पुन्हा केला: 'खसखशीवर पारी थापायची आणि खसखशीची बाजू वर ठेवून तळायची.' बोललेलं खाली ओळींतही लिहिलं, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी.

'एक बटण लावा आणि वेबसाइट सर्वांसाठी सुलभ करा' अशा जाहिराती येतात. माझं स्पष्ट मत, त्या बटणाला पैसे घालू नका. अक्षर मोठं करायची सोय माणसाच्या स्वतःच्या फोनमध्ये असतेच, आणि सासूबाईंच्या फोटोतलं अक्षर काही ते बटण टाइप करून देणार नाही.

एकदा डोळे मिटून पाहा

वेळ नसेल तर निदान एवढं करा. आपलं पान फोनवर उघडून दुपारच्या उन्हात गच्चीत जा. मग ते बोटांनी दुप्पट मोठं करून पाहा. कॉम्प्युटरवर माउस बाजूला ठेवून फक्त टॅबची कळ दाबत सगळीकडे पोचता येतं का पाहा. माउस धरणं ज्यांना जमत नाही, ते असेच फिरतात. आणि शेवटी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन, अ‍ॅक्सेसिबिलिटीमधलं टॉकबॅक सुरू करून डोळे मिटून ऐका. आयफोनवर त्याला व्हॉइसओव्हर म्हणतात. विंडोजच्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचं फुकट साधन चालतं. पण एक सांगून ठेवते. टॉकबॅक सुरू असताना एकदा टेकवलं की फोन नुसतं नाव सांगतो, उघडायला दोनदा टेकवावं लागतं, आणि सरकवायला दोन बोटं लागतात. मला हे ठाऊक नव्हतं. ते बंद कसं करावं हेच कळेना, अर्धा तास घरभर फोन बडबडत होता. शेवटी अकोल्याला दुसऱ्या फोनवरून फोन लावला आणि वन्संनीच मला सोडवलं.

सगळं एका दिवसात करायला जाऊ नका. आधी मजकूर टाइप करा, मग रंग सुधारा. पुढचं होईल तसं होईल. मला चार महिने लागले.

एक गोष्ट मात्र मी जवळजवळ गाळणार होते. सासूबाईंनी कडेच्या समासात काही-बाही लिहून ठेवलं होतं. 'गूळ महाग झाला', 'पाऊस, पापड वाळले नाहीत', असलंच. पाककृतीत याचं काय काम, असं वाटलं. पण मग विचार केला, फोटो पाहणाऱ्याला ते दिसतंच आहे, मग ऐकणाऱ्याला का नको? सगळं टाइप केलं. लिंबाच्या लोणच्याच्या पानावर समासात होतं, 'थोरली आली की करणे. तिखट बेतानं.'

ते पान चढवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी वन्संचा फोन आला. "लोणच्याचं पान ऐकलं," म्हणाल्या, आणि नंतर बराच वेळ बोलल्याच नाहीत. मला वाटलं फोन कटला.

मग म्हणाल्या, "हिंग पाव चमचा म्हणतेस ते चुकलंय. आई अर्धा घालायची. दोन रेघा असतील, नीट बघ."

मी वही घेऊन खिडकीशी गेले. पान उजेडात तिरकं धरलं. एक रेघ स्वच्छ दिसत होती, तिच्या शेजारी तेलाचा डाग, आणि डागाच्या आत, अगदी पुसट, दुसरी रेघ. पाव खोडून अर्धा केला आणि कळवायला फोन लावला, तर त्यांचा लागेना. धाकटीला लोणच्याचं पान ऐकवत होत्या.